आधी पुस्तिका

दोन माणसं मेली ती कारखान्याच्या टाकीत. पण त्यांच्या मरणाची सुरुवात झाली ती तिथून बऱ्याच लांब, टायरच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत, आणि ताईंना विचाराल तर त्यांच्याच एका वाक्यात. ते वाक्य वाईट नव्हतं. उलट फार चांगलं होतं, आणि इथंच तर घोडं पेंड खातं.

त्या दोन खोल्यांत एक नवी प्रोग्रॅमिंगची भाषा तयार होत होती. अशा भाषा जगात ढिगानं पडल्या आहेत, आणखी एक कशाला, असं कुणी विचारलं की धाकटा पेटायचा. धाकटा म्हणजे ताईंचा भाऊ आणि कंपनीचा मालक. त्याचं म्हणणं असं, की इतर भाषा प्रोग्रॅमरांनी प्रोग्रॅमरांसाठी केल्यात. आपली भाषा कारखान्यातल्या तंत्रज्ञासाठी, प्रयोगशाळेतल्या बाईसाठी, पाण्याच्या टाक्या सांभाळणाऱ्यासाठी. वेबसाइट उघडायची, डावीकडे प्रोग्रॅम लिहायचा, उजवीकडे पुस्तिका वाचायची, बटण दाबलं की प्रोग्रॅम कंपनीच्याच कंप्युटरांवर चालू. काही उतरवून घ्यायला नको, काही बसवायला नको. भाषेत काही सुधारणा केली की ती सगळ्यांच्या प्रोग्रॅमला त्याच क्षणी लागू. भाषेचं नाव ठरवण्यात चार महिने गेले आणि भांडणंच इतकी झाली, की ऑफिसात सगळे तिला नुसतं ‘भाषा’ म्हणायला लागले. आपणही तेच म्हणू.

माणसं तीन. धाकटा बोलायचा, त्याच्या तोंडाला तसंही कधी कुलूप नव्हतं. भाषा बांधायचा तो गप्पू. दिवसाला दहा शब्दांवर अकरावा बोलला तर त्याला दम लागेल अशी ऑफिसातली चेष्टा होती. आणि पुस्तिका लिहायच्या ताई. तेवीस वर्षं शाळेत गणित शिकवून त्या नोकरी सोडून इथे आल्या होत्या. धाकट्यानं बोलावलं म्हणून आल्या, असं त्या सांगायच्या. खरं तर शाळेला त्या कंटाळल्या होत्या आणि नाकावर माशी बसू न देण्याच्या त्यांच्या स्वभावाला शाळाही.

त्या ऑफिसचा नियम एकच, आणि तो ताईंनी घातलेला: आधी पुस्तिका, मग भाषा. भाषेनं कसं वागायचं ते ताई आधी पानावर लिहिणार. तिघं ते पान मोठ्यानं वाचणार, भांडणार, खोडणार. पान ठरलं की गप्पू भाषेला तसं वागायला लावणार. त्यामुळे पुस्तिका आणि भाषा यांच्यात कुठे फरक निघाला, तर चूक भाषेची. पुस्तिकेची कधीच नाही. इतर ठिकाणी लोक आधी काहीतरी बांधतात आणि मग कुणाच्या तरी बोकांडी बसून त्याची माहिती लिहून घेतात. इथे उलटं होतं आणि ताईंना त्याचा अभिमान होता. थोडा जास्तच होता.

वेबसाइट सुरू झाल्यावर पहिलं नाव नोंदवलं ते एका मुलीनं. रंगाच्या कारखान्यात देखभाल विभागात होती, पंचविशीची. पहिला नंबर तिचा म्हणून ऑफिसात तिचं नावच ‘पहिली’ पडलं. पुस्तिकेच्या प्रत्येक पानाखाली प्रश्न विचारायची सोय होती, आणि पहिलीनं ती सोय अक्षरशः पिळून काढली. “मॅडम, पान बारावर असं आहे, पण माझ्याकडे तसं होत नाही. माझं काय चुकतंय?” ताई तपासायच्या, गप्पूला दाखवायच्या, आणि भाषाच चुकलेली निघायची. वर्षभरात असं अकरा वेळा झालं. अकराही वेळा पुस्तिका बरोबर आणि भाषा चूक. शेवटी पहिलीनं लिहिलं, “मॅडम, आता मी माझ्या डोळ्यांपेक्षा तुमच्या पुस्तिकेवर जास्त विश्वास ठेवते.” ताईंनी ते वाक्य धाकट्याला दोनदा वाचून दाखवलं.

आता ते पान. ‘मोजमाप आलं नाही तर?’ असा त्याचा मथळा. एखाद्या मीटरकडून आकडा यायचा होता आणि तो आलाच नाही, तर भाषेनं काय करायचं? ताईंनी लिहिलं होतं: ‘मोजमाप आलं नाही, तर प्रोग्रॅम तिथेच थांबतो. तो अंदाज करत नाही.’

या दोन वाक्यांवर पहिलीनं आपल्या कारखान्याची गॅसची घंटा बसवली. रंगाच्या मोठ्या टाक्या धुवायला माणसं आत उतरायची, आणि आत कधी गॅस साचायचा. टाकीतला मीटर दर दहा सेकंदांनी प्रोग्रॅमला आकडा पाठवायचा. आकडा वाढला की घंटा. आणि पोरीनं डोकं लढवून आणखी एक केलं: प्रोग्रॅम चालू आहे तोवरच घंटा गप्प राहायची, तो कुठल्याही कारणानं थांबला की घंटा वाजलीच पाहिजे. म्हणजे मीटर बिघडला, वायर तुटली, तरी आत उतरणाऱ्याला कळणार. मार्च महिन्यात तिनं आणि टाकीवरच्या मुकादमानं मीटरची वायर स्वतः उपटून पाहिली. घंटा अशी वाजली, की अर्धा कारखाना गोळा झाला. ते सगळं तिनं ताईंना फोन करून हसत हसत सांगितलं होतं.

जूनमध्ये धाकट्यानं पैसेवाल्या लोकांना भाषा दाखवायचं ठरवलं. मोठा पडदा, गच्चीवर एक हवामानाचा मीटर, त्याचे आकडे पडद्यावर. आदल्या दिवशी सरावात मीटरचा संपर्क दोनदा तुटला आणि दोन्ही वेळा प्रोग्रॅम थांबला. पुस्तिकेत लिहिलंय तसाच, पण मोठ्या पडद्यावर ते फार वाईट दिसत होतं. धाकट्यानं गप्पूला सांगितलं, उद्यापुरतं काहीतरी कर. गप्पूनं दोन ओळी घातल्या: आकडा आला नाही तर आधीचाच आकडा धरून पुढे चालायचं.

दुसऱ्या दिवशी संपर्क चारदा तुटला आणि कुणाला पत्ता लागला नाही. पाहुण्यांपैकी एकजण म्हणाला, “तुमची भाषा थांबतच नाही की हो!” धाकट्यानं ते वाक्य झेललं आणि आठवड्याच्या आत ते वेबसाइटच्या डोक्यावर मोठ्या अक्षरांत लागलं. मग त्या दोन ओळी कोण काढणार?

“ताई, तेवढं पान बदलून टाक,” धाकटा म्हणाला.

“मी? मी का बदलू? पान बरोबर आहे. खोटं तुझी भाषा वागतेय. तिला सोमवारपर्यंत ताळ्यावर आण.”

“अगं, लोकांना आवडलंय ते.”

“लोकांना गोड बोलणारा डॉक्टरही आवडतो. आधी पुस्तिका, मग भाषा. सोमवार.”

सोमवार आला आणि गेला. ताईंनी आणखी दोनदा आठवण केली. मग दोघांत अबोला झाला, मग अबोला मिटला, पण तो विषय कुणी काढला नाही. पान तसंच राहिलं. ताईंना रोज माहीत होतं की ते पान आता खरं नाही, आणि रोज त्यांना वाटत होतं की आपण हटलो तर नियमच मोडला. पानाखाली दोन शब्दांची सूचना टाकायला कितीसा वेळ लागला असता? पण हेका तो हेका. असे सात महिने गेले.

जानेवारीत एका सकाळी रंगाच्या कारखान्यातल्या टाकीत मीटरची वायर घासून तुटली. शेवटचा आकडा सुरक्षित होता. तोच आकडा चाळीस मिनिटं पडद्यावर दिसत राहिला आणि घंटा गप्प राहिली. धुणारा एक माणूस आत उतरला, तो वर येईना म्हणून मुकादम त्याच्यामागे उतरला. दोघंही वर आले ते दुसऱ्यांच्या खांद्यावर.

बातमी दुपारी ऑफिसात पोचली. गप्पू जागचा उठला आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. धाकटा फोनवर फोन करत होता. ताई खुर्चीत बसल्या त्या तासभर उठल्या नाहीत. त्यांना टाकी दिसत नव्हती, माणसं दिसत नव्हती, फक्त ‘तो अंदाज करत नाही’ हे चार शब्द दिसत होते.

“ताई, आता तरी पान बदल,” धाकटा हळू आवाजात म्हणाला. “आणखी किती जण ते वाचून बसलेत कुणास ठाऊक. आणखी कुणी मरायला नको.”

या वेळी त्याचं म्हणणं खरं होतं. ताईंनी जुनी वाक्यं काढली आणि नवी लिहिली. शिक्षकाची सवय जात नाही. लिहिलं ते स्वच्छ लिहिलं. ‘मोजमाप आलं नाही, तर भाषा आधीचंच मोजमाप धरून पुढे चालते. म्हणून शेवटचं मोजमाप किती वेळापूर्वी आलं, हे प्रत्येक वेळी तपासा. न तपासल्यास जिवाला धोका होऊ शकतो.’ खाली त्या दिवसाची तारीख घातली, आणि भाषा वापरणाऱ्या प्रत्येकाला पत्र पाठवायला धाकट्याला सांगितलं. त्यानं मान हलवली.

दोन दिवसांनी त्यांनी ते पान पुन्हा उघडलं. वाक्यं त्यांचीच होती. तारीख मात्र गेल्या वर्षीच्या फेब्रुवारीची होती. म्हणजे पहिलीनं घंटा बसवायच्याही आधीची. आणि पत्र कुणालाच गेलं नव्हतं.

ताई तडक धाकट्याच्या टेबलापाशी गेल्या. “ही तारीख कुणी बदलली?”

त्यानं दार लोटून घेतलं. “बस. आधी बस तू.”

“कुणी बदलली?”

“मी. काय करू मग? अठराशे लोकांची कामं चालतात आपल्या भाषेवर. भाषेनं माणसं मारली असं एकदा झालं, की संपलं सगळं. पाच वर्षं गेलीत माझी, ताई.”

“आणि त्या पोरीचं काय? सगळे तिच्याकडेच बोट दाखवणार.”

“पोरगी हुशार आहे. फार तर ही नोकरी जाईल.”

“नोकरी? अरे, निष्काळजीपणाचा गुन्हा लागेल तिच्यावर! दोन माणसं गेलीत. जन्मभर तिच्या डोक्यावर राहील ते.”

मग धाकटा जे बोलला ते आवाज न चढवता बोलला, आणि म्हणूनच ते जास्त लागलं. “जा सांग मग. पण पहिला प्रश्न तुला विचारतील. भाषा बदललीय हे सात महिने माहीत होतं, तरी पान तसंच का ठेवलंत, बाई? काय सांगशील? नियम होता म्हणून?”

ताई आपल्या जागेवर येऊन बसल्या. गप्पू त्यांच्याकडे न बघता म्हणाला, “जुनी पानं मी पुसली, ताई. सगळ्या प्रती. त्यांनी सांगितलं म्हणून.” एका दमात इतकं बोलताना त्यांनी त्याला कधी ऐकलं नव्हतं.

त्याच संध्याकाळी पहिलीचा फोन आला. आवाज इतका बारीक, की आधी ओळखू आला नाही.

“मॅडम, एकच विचारायचं होतं. ते मोजमापाचं पान. मी वाचलं तेव्हा तिथे ‘थांबतो’ असं होतं ना? आता बघते तर वेगळंच आहे. तारीख जुनी आहे. चौकशीच्या साहेबांसमोर पुन्हा वायर काढून पाहिली, तर घंटा वाजलीच नाही. मला तर मार्चमध्ये वाजल्याचं चांगलं आठवतंय. मुकादमकाका होते सोबत, पण ते आता... मॅडम, मी चुकीचं वाचलं का?”

नाही, तू बरोबर वाचलंस. एवढंच म्हणायचं होतं. ताईंनी तोंड उघडलं आणि त्यांना धाकट्याचा प्रश्न ऐकू आला: काय सांगशील?

“मला... बघून सांगावं लागेल गं,” त्या म्हणाल्या. “बघते आणि सांगते.”

“हो मॅडम. सावकाश बघा,” पहिली म्हणाली.

त्यानंतर ताईंनी तीन दिवस घालवले. कसे घालवले हे सांगण्यात अर्थ नाही. भित्रं माणूस वेळ घालवतं तसे घालवले. एकदा वाटलं, धाकट्याला त्यांनी अंगाखांद्यावर वाढवलंय. एकदा वाटलं, या वयात आपल्यालाही आरोपी म्हणून उभं करतील. एकदा तर स्वतःची लाज वाटेल असंही वाटून गेलं, की मुलगी तरुण आहे, निभावून नेईल. चौथ्या दिवशी सकाळी त्या उठल्या, आरशात बघून केस बांधले आणि धाकट्याला न सांगता बाहेर पडल्या. कारखान्याच्या गावी जाणारी बस दोन तासांची होती.

चौकशी अधिकारी कारखान्याच्याच एका खोलीत बसले होते. पन्नाशीचा, थकलेला, सभ्य माणूस. ताईंनी सगळं सांगितलं: नियम, दोन ओळी, सोमवार, सात महिने, बदललेली तारीख. स्वतःला काही वगळलं नाही. अधिकाऱ्यांनी मधे एकदाही अडवलं नाही. शेवटी पेन खाली ठेवून त्यांनी विचारलं, “जुनं पान आहे का कुठे?”

“पुसलं. ज्यानं पुसलं त्याला विचारा.”

“भाषा बांधणाऱ्याला काल फोन करून विचारलं. असं काही झालं नाही म्हणाला.” त्यांनी फायलीतून एक कागद काढला. “आणि बाई, तुम्ही थोडा उशीर केलात. तिनं काल लिहून दिलंय.”

कागदावर पहिलीचं गोल अक्षर होतं. पुस्तिकेत सूचना स्पष्ट होती. मी ती नीट वाचली नाही. मार्चमध्ये घंटा वाजली असं मला वाटत होतं, पण आता मला त्याची खात्री नाही. पुस्तिका आजपर्यंत कधीच चुकलेली नाही. चूक माझी आहे. खाली सही.

“तुमचं म्हणणं मी नोंदवून घेतो,” अधिकारी म्हणाले. “पण एकीकडे तिची स्वतःची कबुली, पान, तारीख, प्रयोग. दुसरीकडे तुमचा शब्द, तोही भावाशी बिनसलंय असं म्हणता येईल असा. ती जबाब फिरवायला तयार असेल तर मला पुढे काही करता येईल. तिच्याशी बोला. घर जवळच आहे.”

दार पहिलीच्या आईनं उघडलं. कोण ते कळल्यावर बाईंनी ताईंचे दोन्ही हात धरले. “बरं झालं आलात. जेवत नाही, झोपत नाही. परवा त्या दोघांच्याही घरी जाऊन आली. त्यांच्या बायकांच्या पाया पडली, माझ्या हातून झालं म्हणाली. एकीनं दार लावून घेतलं, दुसरीनं मारलं हिला. तुम्ही समजवा. तुमचं ती फार मानते.”

पहिली आतल्या खोलीत पलंगावर बसली होती. ताईंना तिचा फक्त आवाज माहीत होता. ताईंना वाटलं त्याहून ती लहानखुरी होती, आणि गालावर वळ होता. त्यांना बघून ती उठायला लागली.

“बस गं, बस,” ताई तिच्या शेजारी बसल्या. “ऐक. तू बरोबर वाचलं होतंस. पानावर ‘थांबतो’ असंच होतं. मीच लिहिलं होतं. जूनमध्ये आमच्या लोकांनी भाषा बदलली आणि मी पान बदललं नाही. आता जे दिसतंय ते मी अपघातानंतर लिहिलं. तारीख माझ्या भावानं खोटी घातली. मार्चमध्ये घंटा वाजली होती, तू मला फोनवर हसत सांगितलं होतंस. तुझी काहीही चूक नाही. कळतंय का? काहीही नाही.”

पहिलीनं सगळं लक्ष देऊन ऐकलं. मग तिच्या चेहऱ्यावर थोडंसं हसू आलं. आजाऱ्याला भेटायला आलेल्या माणसाकडे बघून आजारी हसतो तसं.

“मॅडम, इतक्या लांब आलात तुम्ही, मला बरं वाटावं म्हणून.”

“नाही गं! देवाशप्पथ खरं सांगतेय.”

“मग त्या दिवशी फोनवरच सांगितलं असतंत ना.”

ताईंनी तिचा हात घट्ट धरला.

“मी विचारलं तेव्हा तुम्ही म्हणालात, बघून सांगते. तुम्हाला माहीत असतं तर लगेच सांगितलं असतं तुम्ही. माझ्यावर असं सगळं आलेलं असताना तुम्ही तीन दिवस गप्प बसणाऱ्यातल्या नाही. मी ओळखते तुम्हाला.” हे ती समजूत काढल्यासारखं म्हणाली. “तुमच्या भावाला कशाला अडकवता माझ्यासाठी? नको, मॅडम.”

“अगं, मी घाबरले होते. म्हणून नाही सांगितलं. मी घाबरले होते!” ताईंचा आवाज फाटला. दारात उभ्या असलेल्या आईनं पदर तोंडाला लावला. पण पहिलीनं नुसती मान हलवली, आणि उशाचा लॅपटॉप ओढून मांडीवर घेतला. पान उघडंच होतं. तिनं ते ताईंना मोठ्यानं वाचून दाखवलं, एकेका शब्दावर बोट ठेवून, न अडखळता. वाचून वाचून तिचं ते पाठ झालं होतं.

“बघा ना, किती सोपं लिहिलंय तुम्ही,” ती म्हणाली. “लहान मुलालाही कळेल. दुसरं काही नाही हो मॅडम, मला फक्त एवढंच सांगा. इतकं सरळ लिहिलेलं मला तेव्हा दिसलं कसं नाही?”